एकदाच धरणारा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे.

नाही. परत सुरू करतो.

मित्रांनो, मला जुना म्हणावं इतकं माझं वय नाही. ज्या हंगामात मी खोक्यातून बाहेर आलो, त्याच हंगामात जुना झालो. आणि ‘एक’ हेही आता खरं उरलेलं नाही. मी तुकड्यांत आहे. इस्पितळातल्या एका पारदर्शक पिशवीत माझे काही तुकडे आहेत आणि एक बक्कल आहे. पिशवीवर एका मुलीचं नाव लिहिलं आहे, अपेक्षा. पिशवी तिच्या आईच्या हातात आहे.

तुकड्यांना सलग बोलता येत नाही. म्हणून जो तुकडा जिथे होता, तिथलं तो सांगेल. घटनांचा क्रम आम्ही मोडणार नाही. मोडायचं ते मोडून झालं आहे.

बक्कल

तुमच्या घरच्या गाडीत खांद्यावरून एक पट्टा येतो आणि कमरेशी अडकतो. शर्यतीच्या गाडीत तेवढ्याने भागत नाही. तिथे माझ्यासारखा असतो. दोन पट्ट्या खांद्यांवरून, दोन कमरेवरून, दोन मांड्यांमधून वर. सगळ्या पोटावर येऊन माझ्यात अडकतात. मी बक्कल. मला फिरवलं की सगळ्या सुटतात. आमचं सगळ्यांचं मिळून नाव मात्र एकच, पट्टा.

आमचा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. तिथे आमच्या खेपेतल्या एकाला उचलून यंत्रात घातलं आणि तुटेपर्यंत ताणलं. आमच्या सगळ्यांच्या वतीने तो तुटला. तेव्हा आम्हाला कळलं की आपण कशासाठी आहोत. गाडी आदळली की आतल्या माणसाचं अंग पुढे झेपावतं. त्या क्षणी पट्ट्याने दगडासारखं घट्ट राहायचं नसतं, नाहीतर बरगड्या मोडतात. त्याने थोडं ताणायचं असतं. माणसाचा धक्का आपल्या धाग्यांत घ्यायचा असतो.

पण मित्रांनो, आमचा धागा एकदाच ताणला जातो. तो मागे येत नाही. रबराचं काम वेगळं, आमचं वेगळं. एकदा धक्का घेतलेला पट्टा वरून तसाच दिसतो. रंग तोच, शिवण तीच. आत मात्र देण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणून शर्यतीच्या जगात एक रीत आहे. मोठा अपघात झाला की त्या गाडीचे पट्टे काढायचे आणि कापून टाकायचे. नुसते फेकायचे नाहीत. फेकलेलं कुणीतरी उचलतं. कापायचे.

इतकं मला जन्मतःच माहीत होतं. बोलता येत नव्हतं, एवढंच.

डावा खांदा

माझं खोकं चंदीगडात उघडलं, मनीमाजऱ्याच्या एका गल्लीत. खाली मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं, वर राहती घरं, वाळत घातलेले कपडे, आणि गल्लीच्या टोकाला आमच्या टीमचं गॅरेज. टीमचा मालक गुरतेज. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा, आणि मन बदलायला वेळ न लागणारा माणूस. त्याचा मुख्य मेकॅनिक तरसेम. त्याला सगळे उस्ताद म्हणत. गाडीला चावी लावण्याआधी उस्ताद बॉनेटवर तळहात ठेवून काहीतरी पुटपुटायचा, आणि ते पुटपुटणं पूर्ण होईपर्यंत कुणी शिंकायचंसुद्धा नाही असा गॅरेजचा नियम होता.

त्या दिवशी अपेक्षा पहिल्यांदा माझ्यात बसली. तिचे आईवडील वर्ध्याचे. नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. वडील विद्यापीठात शिकवतात, आई सेक्टर ३२च्या सरकारी इस्पितळात भूल देणारी डॉक्टर. अपेक्षा जन्माने चंदीगडची. घरात मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची. आजवर ती मागून आणलेल्या गाड्यांवर छोट्या स्पर्धा धावली होती. एखाद्या टीमने बोलावून गाडी देण्याची ही पहिलीच वेळ. तीसुद्धा एका हंगामापुरती. पुढचं पुढे बघू, असं गुरतेजने सांगितलं होतं.

शेजारच्या सीटवर सुबोध. नाशिकचा मुलगा, इथल्या विद्यापीठात शिकायला आलेला. आमची शर्यत म्हणजे रॅली. कच्च्या रस्त्यावर, जंगलात, डोंगरात एकेक गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. पुढचं वळण केवढं आहे हे शेजारी बसलेला वाचून सांगतो आणि चालवणारा त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. सुबोधचं काम ते वाचण्याचं. त्याच्या अंगावर माझा जुळा भाऊ होता, एकाच खोक्यातून आलेला.

“सुबोध, ज़रा खींच इसको,” ती माझं टोक त्याच्याकडे करत म्हणाली.

“मराठीत सांग, मग ओढतो.”

“यार, खींच ना!”

“वर्ध्याच्या आईबापाची पोर आणि ‘ओढ’ म्हणता येत नाही. नाशिकला आलीस तर उपाशी मरशील.”

“क्यों, नाशिक में खाना मराठी बोलने पर मिलता है?”

“ओ लड़ो मत,” उस्ताद खिडकीतून आत वाकून म्हणाला. “बेल्ट कसो. जब साँस लेने में गुस्सा आए, तब ठीक है.”

सुबोधने ओढलं. तिला श्वास घेताना राग आला. आम्ही सगळे हसलो. मीही, माझ्यापुरता.

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. म्हणून त्याच्याबद्दल एवढंच.

उजवा खांदा

टीममध्ये तिला नावाने हाक मारायला कुणी तयार नव्हतं. गुरतेज म्हणायचा, “डॉक्टर साब दी कुड़ी.” त्यात वाईट काही नव्हतं. पण ‘डॉक्टरची मुलगी’ म्हणजे जिला हे सोडून दिलं तरी चालण्यासारखं आहे, असा एक अर्थ त्यात बसलेला असायचा, आणि तो अपेक्षाच्या खांद्यावर माझ्याआधी येऊन बसायचा.

शिवाय देवदत्त होता. सोलनकडचा, चांगला चालवणारा. जागा आपल्याला मिळेल असं त्याला वाटलं होतं. तो अधूनमधून गॅरेजमध्ये चहा प्यायला यायचा. गाडीभोवती एक फेरी मारायचा, टायरला बुटाच्या टोकाने ठोकायचा आणि म्हणायचा, “बढ़िया है, बढ़िया है. संभाल के चलाना, मैडम. मेरे लिए भी कुछ बचाना.”

हंगामातली पहिली रॅली राजस्थानात झाली. अपेक्षा सावकाश चालली. गाडी धड परत आणायची, एवढंच तिने ठरवलं होतं. आली खूप मागे. परतीच्या वाटेवर गुरतेज तिच्याशी नीट बोलला, आणि तेच वाईट होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसरी रॅली दक्षिणेत, कॉफीच्या मळ्यांमध्ये. लाल माती, दोन्ही बाजूंना उंच झाडं. ह्या वेळी ती सावकाश चालणार नव्हती. मला तिच्या छातीवरून ते समजत होतं. सुबोध वाचत होता, “डावं, मोठं. मग उजवं, आवळत जाणारं. आवळत जाणारं, अपेक्षा.”

तिने ऐकलं. पण ब्रेक उशिरा दाबला. चूक तिची होती, आणि ते तिला गाडी हवेत असतानाच कळलं.

गाडी एकदा उलटली, दुसऱ्यांदा उलटली आणि नाकाने एका झाडावर आदळली.

तेव्हा मी माझं काम केलं.

ते कसं असतं ते मला सांगता येणार नाही. माझ्या प्रत्येक धाग्याने तिला धरलं आणि थोडं थोडं जाऊ दिलं, धरलं आणि जाऊ दिलं. मग सगळं थांबलं. इंजिनावर कुठूनतरी पाणी टपकत होतं. सुबोध म्हणाला, “आहेस का?”

“हूँ,” ती म्हणाली. “सॉरी. सॉरी यार.”

दोघं आपल्या पायांनी बाहेर आले. माझ्यात जे होतं ते मी देऊन टाकलं होतं. मला वाईट वाटलं नाही. मी वाट बघत राहिलो, की आता कुणीतरी येईल आणि मला कापेल.

कंबर, डावी बाजू

कुणी कापलं नाही. मला उतरवून, झटकून, मोडक्या गाडीबरोबर मनीमाजऱ्याला आणलं.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण इथेच सगळं झालं. अपघात तर फक्त अपघात होता.

उस्तादने गाडीभोवती फिरून तिची अवस्था बघितली. मग अपेक्षाकडे बघितलं. ती धडधाकट समोर उभी. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं, आणि खिशातून लाल धागा काढून माझ्या खांद्याच्या पट्टीला बांधला.

गुरतेज बाजूलाच उभा होता. सकाळपासून तो अपेक्षाशी एक अक्षर बोलला नव्हता. देवदत्त चहाचा पेला घेऊन दारात उभा होता. गुरतेज त्याच्याकडे बघायचा, गाडीकडे बघायचा. त्या क्षणी त्याच्या मनात काय निर्णय चालला होता, ते गॅरेजमधल्या सगळ्यांना माहीत होतं. आणि मग तो लाल धागा त्याच्या नजरेला पडला.

“ओए,” तो म्हणाला. “इस गड्डी में से कोई ज़िंदा निकलता है?”

“नहीं निकलता,” उस्ताद म्हणाला.

“ये निकली.”

“ये निकली जी.”

गुरतेजचा चेहरा उजळला. लड्डू आणा, म्हणाला. झेंडूचा हार आणा. टेबल रिकामं करून त्यावर स्वच्छ चादर अंथरली, मला तिच्यावर ठेवलं, हार घातला. अपेक्षाला माझ्यामागे उभं करून फोटो काढले. “लकी बेल्ट, लकी कुड़ी,” गुरतेज प्रत्येकाला सांगत होता. संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठल्या कुठे पोचला. ज्यांनी कधी टीमचं नाव ऐकलं नव्हतं त्यांचे निरोप आले. देवदत्तने लाडू खाल्ला, पेला खाली ठेवला आणि तो गेला. त्यानंतर तो चहाला आला नाही.

अपेक्षाची आई संध्या त्या दिवशी इस्पितळातून थेट गॅरेजमध्ये आली होती. कपड्यांना औषधांचा वास, केस कसेतरी बांधलेले. आदल्या रात्री घरी तिने मुलीच्या छातीवरचे आणि कमरेवरचे निळे वळ पाहिले होते. ते माझे ठसे. आता ती माझ्यासमोर उभी राहिली. मला बोटांनी चाचपलं. तिची बोटं फार हुशार आहेत, मित्रांनो. शीर दिसत नसली तरी शोधून काढणारी बोटं. ती माझ्या खांद्याच्या पट्टीवर एका जागी थांबली, जिथे मी किंचित अरुंद आणि किंचित गुळगुळीत झालो होतो.

“हा परत वापरून राहिले का तुम्ही?” तिने विचारलं. मग हिंदीत विचारलं.

“डॉक्टर साब,” गुरतेज छातीवर हात ठेवून म्हणाला, “जिसने आपकी बेटी बचाई, उसको कूड़े में डालें? पाप लगेगा जी.”

“आमच्याकडे तर टाकतो ना बाप्पा,” संध्या म्हणाली. “सुई काय, नळी काय. एकदा वापरलं की डब्यात.”

“मम्मी,” अपेक्षा हसून म्हणाली, “ये हॉस्पिटल नहीं है.”

सगळे हसले. संध्याही हसली. तिची मुलगी जिवंत होती आणि हसत होती. असल्या वेळी कुणाचं बोट किती वेळ संशयावर टिकेल? तिने पर्समधून कुंकवाची लहानशी डबी काढली आणि माझ्या बक्कलाला कुंकू लावलं. हात जोडले. डोळे मिटले.

मी ओरडत होतो.

कंबर, उजवी बाजू

सुबोधची मान त्या अपघातात लचकली होती. तो काही दिवस नाशिकला घरी जाऊन परत आला, मानेला पट्टा बांधून. आल्या आल्या उस्तादकडून मोठी कात्री मागितली. माझ्या जुळ्या भावाला, म्हणजे त्याच्या सीटच्या पट्ट्याला, मांडीवर घेतलं आणि एकेक पट्टी कापली. कापताना त्याने एकदा भावावरून हात फिरवला. तेवढंच. माझा भाऊ शेवटपर्यंत शांत होता. मला त्याचा हेवा वाटला.

मग सुबोध खिळ्याकडे आला, जिथे मी हारासकट टांगलेला होतो. अपेक्षा मध्ये उभी राहिली.

“इसको नहीं.”

“अगं, हा पण त्याच गाडीतला आहे. संपलाय तो.”

“कहाँ संपलाय? देख, कुछ भी नहीं हुआ.”

“दिसत नाही म्हणूनच कापतात. तुला माहीत नाही का? पहिल्या दिवशी शिकवतात हे.”

“पता है.”

“मग?”

गुरतेज बाहेर गल्लीत कुणालातरी फोटो दाखवत मोठ्याने हसत होता.

“इसको काट देगा तो क्या बचेगा?” ती हळू आवाजात म्हणाली. “अभी मैं लकी हूँ. वो मुझे नाम से बुलाता है, तूने सुना? अपेक्षा बोलता है. कल ये बेल्ट कट गया तो मैं सिर्फ़ वो लड़की हूँ जिसने गाड़ी पलटाई.”

“नवा लावून चांगली धाव. मग कोण काय म्हणेल?”

“धावने का मौका मिले तब ना.”

“अपेक्षा, ऐक...”

“एक रैली. बस ये अपनी मोरनी की पहाड़ियों वाली. उसमें अच्छा नंबर आ गया तो खुद काट दूँगी, पक्का. तेरे सामने.”

सुबोधच्या हातातली कात्री उघडी होती. तो मला बघत होता, मग तिला. त्याने कात्री मिटली. मला त्याचा राग येत नाही. तो तिच्यावर विश्वास ठेवायला शिकलेला होता, जसा ती त्याच्या वाचण्यावर. तेच त्यांचं काम होतं.

“तू वेडी आहेस,” तो म्हणाला.

“मराठी में बहुत अच्छा लगता है जब तू गाली देता है,” ती म्हणाली.

मित्रांनो, त्यानंतर माझे स्तुतीचे दिवस सुरू झाले. तुमच्या पुस्तकातल्या जुन्या वस्तू तक्रार करतात की लोकांनी आम्हाला विसरून कोपऱ्यात टाकलं. मला कुणी विसरलं नाही. येणारा जाणारा मला हात लावून हात कपाळाला न्यायचा. शेजारच्या दुकानदाराने नवं दुकान उघडण्याआधी आपली चावी माझ्या बक्कलाला टेकवली. हार सुकला की उस्ताद नवा घालायचा. गाडी दुरुस्त होत होती, पत्रा ठोकला जात होता, रंग लागत होता, आणि मी खिळ्यावर देव होऊन बसलो होतो.

कुणीतरी मला विसरावं, कोपऱ्यात फेकावं, उंदरांनी कुरतडावं, एवढीच माझी इच्छा होती.

मग एक दिवस हार काढला आणि मला गाडीत बसवलं.

रॅलीच्या आदल्या दिवशी गाड्यांची तपासणी असते. निरीक्षक म्हणून आलेला एक गृहस्थ खाली वाकून प्रत्येक गोष्ट बघत होता. माझ्याशी थांबला. “ये धागा हटाइए,” म्हणाला. उस्तादने धागा सोडून खिशात ठेवला. माझ्यावर शिवलेली तारीख निरीक्षकाने वाचली. ती ठीकच होती, मला वयाने काही झालं नव्हतं.

“पिछली बार ये गाड़ी पलटी थी ना? बेल्ट बदले?”

गुरतेजने सुबोधच्या नव्या कोऱ्या पट्ट्यावर थाप मारली. “बदल दिए जी. देख लो, चमक रहा है.”

सुबोधने तोंड उघडलं. अपेक्षाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. सुबोधने तोंड मिटलं.

निरीक्षक पुढच्या गाडीकडे गेला.

मांड्यांच्या पट्ट्या

या दोन पट्ट्या पिशवीत नाहीत. त्या मोरनीच्या डोंगरातल्या रस्त्यावर राहिल्या.

त्यांच्या वाटणीचं त्याच सांगू शकल्या असत्या. बाकीच्यांना जेवढं आठवतं तेवढं असं.

ती फार सुंदर चालली. हे खोटं नाही. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडांमधून, त्यांच्या सुयांसारख्या वाळलेल्या पानांवरून. सुबोध वाचायचा आणि ती वळायची, जणू एकाच माणसाला दोन तोंडं. मधल्या थांब्यावर कळलं की ती पहिल्या काही जणांत आहे, खरंच पहिल्या काही जणांत. गुरतेज तिला खिडकीतून म्हणाला, “अपेक्षा, पुत्तर, अब बस घर ले आ.”

पुढच्या एका वळणावर रस्त्यावर दगड आला होता. वरून सुटून आलेला. तो कुणाच्या वाचनात नव्हता. चूक

चूक तिची नव्हती.

गाडी दगडी कठड्यावर आदळली. सरळ. कॉफीच्या मळ्यातल्यापेक्षा कमी जोराने, हे मी शपथेवर सांगतो. मागच्या वेळेपेक्षा कमी.

शेजारचा पट्टा ताणला गेला. त्याने सुबोधला धरलं आणि थोडं थोडं जाऊ दिलं.

माझ्याकडे जाऊ द्यायला काही नव्हतं. मी तिच्या अंगावर दगडासारखा घट्ट राहिलो. बरगड्या. मग उजव्या खांद्याची शिवण उसवली, आणि ती तिथून पुढे

स्टिअरिंगपर्यंत

गेली.

सुबोध चालत बाहेर आला. तिच्या बाजूला येऊन माझं बक्कल फिरवायला लागला. ते फिरेना. “आहेस का?” तो विचारत होता. “अपेक्षा, आहेस का?” मग माणसं आली, त्यांच्याकडे वाकडी सुरी होती, आणि त्यांनी मला कापलं.

कापायचं होतंच.

बक्कल, पुन्हा

ती वाचली. सेक्टर ३२च्या इस्पितळात तिला आणलं, जिथे तिची आई काम करते. इस्पितळाने तिचे कापलेले कपडे, बूट आणि मला पिशवीत घालून, पिशवीवर तिचं नाव लिहून आईच्या हातात दिलं. रुग्णाच्या वस्तू नातेवाइकांना देतात, तशी पद्धत असते.

बरगड्या जुळतील म्हणाले. डाव्या हाताची बोटं हलत नाहीत. मान आणि खांद्यातल्या नसांचं काम आहे. व्यायाम करावा लागेल, खूप, आणि तो दुखेल. तरी पूर्वीसारखी होतील असं कुणी म्हटलं नाही.

आणि अजून एक. तिच्या डोक्यातून मधले आठवडे गेले. कॉफीचे मळे आठवतात, लाल माती आठवते. त्यानंतर थेट ही खाट. असं होतं म्हणे, आणि ते बहुतेक परत येत नाही.

आज ती नीट बोलायला लागली. संध्या खाटेजवळ स्टुलावर होती. मी पिशवीत, खाटेखालच्या खणात. गुरतेज संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभा, आत यायचं धाडस होत नव्हतं. सुबोध पायाशी उभा होता.

अपेक्षाने त्याला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं.

“तू चल रहा है,” ती म्हणाली.

“हो.”

“हम एक ही गाड़ी में थे ना?”

“हो.”

“तो मैं ऐसे क्यों हूँ?”

सुबोधने खाली पाहिलं. “माझा पट्टा नवा होता.”

“और मेरा?”

“तुझा... तो आधीचाच होता. कॉफीच्या मळ्यातला.”

तिला ते समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. तिच्यासारखीला ते समजावून सांगायची गरजच नव्हती. पहिल्या दिवशी शिकवतात ते.

“काटा नहीं?” तिचा आवाज चढला. “उलटी गाड़ी का बेल्ट काटा नहीं किसी ने? किसने रोका? तूने? उस्ताद ने?” तिने दाराकडे पाहिलं. “गुरतेज जी, आपने?”

गुरतेजने संत्र्यांची पिशवी दाराशी खाली ठेवली. सुबोधने तोंड उघडलं.

“मी,” संध्या म्हणाली.

सुबोधने तिच्याकडे चमकून पाहिलं.

“मी म्हटलं राहू द्या. सुबोध कात्री घेऊन आला होता, मीच थांबवलं त्याला. कुंकू लावलं होतं ना मी. वाटलं, ज्याने माझी पोरगी वाचवली त्याला काहून कापायचं.”

“आपने?”

“हो.”

“मम्मी, आप तो डॉक्टर हो.” अपेक्षाने उशीवरून डोकं उचलायचा प्रयत्न केला. “आप तो एक सुई दुबारा छूने नहीं देती किसी को. आपको तो पता था.”

“पता होतं,” संध्या म्हणाली.

अपेक्षाने मान वळवता येईल तेवढी वळवली. “आप जाओ यहाँ से.”

“जाते.”

“जाओ!”

संध्याने वाकून खाटेखालची पिशवी उचलली आणि बाहेर आली. सुबोध तिच्यामागून. लांब वऱ्हांडा, भिंतीला लागून बसलेले नातेवाईक, कुणाचं तरी मूल खोकत होतं.

“काकू, असं का सांगितलंत? तिनेच तर मला...”

“मला माहीत आहे. उस्तादने सांगितलं सगळं, तो होता तिथे.”

“मग?”

“तिला हे कळलं तर ती पडून राहील सुबोध. भिंतीकडे तोंड करून पडून राहील. मी रोज बघून राहिली अशी माणसं.” तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “माझ्यावर चिडली तर निदान चिडून बोटं हलवेल. मला मारायला का होईना, हात उचलेल.”

“आणि पुढे कधी तिला आठवलं तर?”

“नाही आठवत. तू पण विसर. पक्का विसर.”

सुबोध भिंतीला टेकून खाली बसला. मानेचा पट्टा त्याने कधीच काढला होता, तरी हात तिथेच गेला.

मित्रांनो, माझी गोष्ट इथवर आली आहे. अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू तुमच्याकडे काही मागते. मला जपा म्हणते, मला विसरू नका म्हणते. मी तसं म्हणणार नाही. ज्याने तुम्हाला एकदा वाचवलं, त्याने तुम्हाला सगळं दिलं. त्याच्याकडे परत जाऊ नका. त्याला हार घालू नका, त्याच्याबरोबर फोटो काढू नका. हात जोडायचे तर जोडा, पण जोडून झाल्यावर तेच हात त्याला टाकून द्यायला वापरा.

वऱ्हांड्याच्या टोकाला इस्पितळाचे रंगीत डबे आहेत. रक्त लागलेल्या वस्तू पिवळ्या डब्यात जातात, आणि तिथून जाळायला. संध्याला हे सांगावं लागत नाही. ती तिथे उभी आहे. पायाने दाबून तिने पिवळ्या डब्याचं झाकण उघडलं आहे. पिशवी डब्यावर धरली आहे. एक नर्स बाजूने गेली, “मॅम” म्हणाली, थांबली नाही.

ती पिशवी सोडत नाही. तिची हुशार बोटं प्लास्टिकवरून मला चाचपत आहेत. खांद्याची पट्टी, तिथली ती अरुंद, गुळगुळीत जागा. ती जागा तिला पुन्हा सापडली आहे.

झाकण उघडंच आहे.

संध्याताई, सोडा. मित्रांनो, तुम्हीही सांगा त्यांना. माझं त्यांना ऐकू येत नाही.